बालवाडीची राखण

संस्था उभारणें कठीण. परंतु उभारणारें माणूस गेल्यावर ती चालती ठेवणें त्याहून कठीण. बालवाडीविषयीं तर हें विशेषच खरें. कारण लहान मूल इमारतीस नव्हे, बाईंस ओळखतें.

वसईच्या उत्तरेस समुद्रकांठीं बोर्डी हें गांव आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचें कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेथें केंद्र काढलें. त्याच वर्षीं पुण्यास शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली; तिला ‘अंगणवाडी’ हें नांव मिळालें. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं कुरणशाळा निघाली.

१९७३ सालीं ताराबाई निवर्तल्या. केंद्र मात्र बंद पडलें नाहीं. अनुताईंनीं तें पुढें १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, सांभाळलें.

हें कशानें साधलें? अट्ठावीस वर्षें दोघींनीं एकच काम खांद्याला खांदा लावून केलें होतें. साधनें महागडीं नव्हतीं. खडे, शिंपले, पानेंफुलें कोणासही गोळा करतां येत. शिवाय नव्या शिक्षिका घडविणें हेंही केंद्रानें आपलें कर्तव्य मानिलें.

वाचकहो, आपल्या गांवच्या बालवाडीच्या बाई उद्यां विवाहानें वा आजारानें दूर झाल्या, तर मुलांचा हात कोण धरील? त्यांच्या शेजारीं दुसरी एक तरुणी आजच बसवावी. निरोपाच्या दिवशीं शोध आरंभिला, तर फार उशीर झालेला असतो.