स्टार एअर
स्टार एअर : भारतातील प्रादेशिक प्रवासी विमान कंपनी. कोल्हापूर जिल्ह्यातील घोडावत उद्योगसमूहाची ही कंपनी असून तिचे मुख्य केंद्र बंगळूर येथे आहे. जानेवारी २०१९ मध्ये बंगळूर–हुबळी मार्गाने तिची सेवा सुरू झाली. मोठ्या विमानांना पुरेसे प्रवासी न मिळणारी मध्यम शहरे परस्परांशी जोडणे, हे तिचे कार्यक्षेत्र होय. बेळगाव, हुबळी, कलबुर्गी, कोल्हापूर, नांदेड, किशनगढ इ. शहरांना तिने सेवा दिली आहे. कलबुर्गी विमानतळाची नियमित प्रवासी वाहतूक २०१९ मध्ये याच कंपनीच्या विमानाने सुरू झाली.

प्रारंभी ५० आसनी एम्ब्राएर १४५ ही ब्राझिलियन बनावटीची जेट विमाने वापरात होती. २०२३ पासून ७६ आसनी एम्ब्राएर १७५ विमानांची भर पडली. लहान विमानात थोड्या प्रवाशांतही आसने भरतात, मात्र दर आसनामागील खर्च वाढतो. ही तूट केंद्र शासनाच्या ‘उडान’ योजनेतून अंशतः भरून निघते : ठरावीक आसनांच्या भाड्यावर कमाल मर्यादा असते आणि त्याबदल्यात कंपनीला मर्यादित काळ अनुदान मिळते. अनुदानाची मुदत संपल्यावर मार्ग टिकवणे, ही अशा सेवांची खरी कसोटी असते.