त्र्यंबकचा पहिला फ्रीलान्सर

गेले चार महिने शनिवारी नाशिकला घरी आलो की मी रविवारी त्र्यंबकेश्वर गाठतो. देवदर्शनाला नाही हो, धंद्याला! आठवडाभर हिंजवडीत दुसऱ्याचा कोड लिहायचा आणि सुट्टीत तिथल्या लॉजवाल्यांच्या, गुरुजींच्या वेबसाइट बनवायच्या, असा आपला उद्योग चालू आहे.

पहिल्या लॉजवाल्या काकांना मी अर्धा तास डोमेन, होस्टिंग वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "पण गूगलवर आमचं नाव आधीच येतं की. मग तू नेमकं काय करणार?"

खलास! इंजिनिअरिंगची चार वर्षं पाण्यात.

परत येताना बसमध्ये एकदम आठवलं, की लोकांना माहीत नसलेली गोष्ट विकायला निघालेला मी काही त्र्यंबकमधला पहिला नाही. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, 30 एप्रिल 1870 ला याच गावात जन्मले. शाळेच्या पुस्तकात ते थेट 'राजा हरिश्चंद्र' घेऊनच उगवतात. पण तो सिनेमा 1913 चा. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी हा माणूस काय करत होता? मी वाचायला घेतलं आणि हसू की रडू कळेना. कारण मंडळी, तो चक्क फ्रीलान्सिंग करत होता!

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, फोटोग्राफी, छपाईची तंत्रं असं सगळं शिकले. मग गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला. तिथे 1900 च्या प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परतून पुन्हा कॅमेरा हातात घेतला, तर लोकांत समज पसरलेला, की फोटो काढला की अंगातली शक्ती निघून जाते आणि माणूस मरतो. आता बोला! माझ्या गिऱ्हाइकाला वेबसाइट नकोशी वाटते, पण निदान तिने जीव जाईल असं तरी वाटत नाही. फाळक्यांनी नाटकाचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही शिकले. पोटासाठी जे जमेल ते.

1903 मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. म्हणजे आजच्या भाषेत 'सेटल' झाले. आणि 1906 च्या सुमारास, स्वदेशीच्या वाऱ्यात, त्यांनी ती सोडली! लोणावळ्याला भागीदारीत छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्मांनी सुरू केलेला प्रेस होता, त्यांची कामं मिळायची. पुढे नवा भागीदार आला, छापखाना दादरला गेला, नाव झालं 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स'. 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीलाही जाऊन आले. काम उत्तम, नाव मोठं. आणि मग भागीदारांशी पटेना म्हणून ते बाहेर पडले. चाळिशीत, रिकाम्या हाताने.

1911 मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतो तो मधला भाग. विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. आता मोठ्या सिनेमाला पैसे हवेत, आणि सिनेमा बनवतात कसा हे सावकाराला काय कळणार? फाळक्यांनी भाषण दिलं नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बघता बघता कोंब फुटून वेल वर चढला. 'अंकुराची वाढ'. हे दाखवल्यावर पैसे मिळाले.

मी हे वाचून ताडकन उठलो. पुढच्या रविवारी काकांच्या लॉजचे मोबाईलवर फोटो काढले, कुशावर्तापासून चालत किती मिनिटं, गरम पाणी किती वाजता, गाडी कुठे लावायची, एवढंच एका पानावर टाकलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हे आपलंच आहे? मग जेवणाचा फोटो पण टाक ना." होस्टिंग हा शब्द त्यांनी आजतागायत उच्चारलेला नाही. ऑर्डर मात्र दिली.

म्हणजे सगळं छान? छे. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने पूर्ण साइट करून घेतली आणि निम्मे पैसे अजून दिले नाहीत. लिहून काही घेतलंच नव्हतं, ओळखीतले म्हणून. आता एक मित्र मागे लागलाय, की दोघं नोकरी सोडू आणि भागीदारीत कंपनी काढू. इथे मला फाळके पुन्हा आठवतात. 1918 मध्ये आमच्या नाशिकला भागीदारांबरोबर त्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली. वर्ष-दीड वर्षात खटके उडाले आणि ते राजीनामा देऊन काशीला निघून गेले. पुढे परत आले, पण 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला गेले तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं. हात सोन्याचे होते. कागदावर आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, इथे मात्र ते दर वेळी अडकलेले दिसतात.

आणि सरस्वतीबाई! त्यांची दुसरी बायको. दागिने मोडले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, 'हरिश्चंद्र'च्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला. भागीदार म्हणावं तर खऱ्या त्याच, आणि सोडून न गेलेल्याही त्याच. श्रेयनामावलीत शोधून सापडायच्या नाहीत.

हे वाचल्यावर मी जरा ओशाळलो. माझ्या साइटचे फोटो कापून-छाटून देणं, बिलं बनवणं, थकलेल्या गिऱ्हाइकाला गोड बोलून फोन करणं, हे सगळं आमच्या घरी कोण करतं? नोकरी सोडायची की नाही याची चर्चा मात्र मी मित्राशी करत होतो.

काल रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, "सहा महिन्यांचा हप्ता बाजूला पडेपर्यंत सोडू नकोस. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडून आधी निम्मे घे, मी कागद करून देते." मित्रालाही तेच कळवलंय, की आधी कागद.

उद्या एका गुरुजींकडे जायचंय. वेबसाइट म्हणजे काय ते अजिबात सांगणार नाहीये. वाटाणा दाखवणार.