आयाराम-गयाराम
* आयाराम-गयाराम : हा शब्द हरयाणातून आला. १९६७ मध्ये तिथले आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला. ते आपल्या गोटात परतले तेव्हा तिथले नेते राव बीरेंद्र सिंह यांनी पत्रकारांपुढे ‘गयाराम आता आयाराम झाले’ अशा अर्थाची कोटी केली. पक्षांतराचा विचार करायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते. पक्षांतरबंदीचा कायदा व्हायला मात्र १९८५ साल उजाडले. मराठीत अशांच्या दोन जाती आहेत. टोपी फिरवणारा शब्दाला जागत नाही. तळ्यात-मळ्यात करणाऱ्याचे मुळात काही ठरलेलेच नसते. ही टीप ज्या लिखाणाला जोडली आहे, त्यातले मामा या दुसऱ्या जातीचे. पक्ष एकच, मत मात्र चहागणिक नवे. लेखकाने त्यांना गयाराम म्हणणे जरा अन्यायाचेच. – संपा.