मोठा समास, धाकटा समास

१७ डिसेंबर १९९६ रोजी वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली आवृत्ती जाहीर केली. होकून विउम ली याने १९९४ मध्ये सर्नमध्ये असताना ही कल्पना मांडली होती. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला. पहिल्या आवृत्तीच्या दस्तऐवजात उभ्या अंतराचा एक छोटा नियम होता. एकाखाली एक आलेल्या घटकांचे समास भिडले तर बेरीज करायची नाही, मोठा असेल तो धरायचा. वरच्या परिच्छेदाचा खालचा समास २० पिक्सेल आणि खालच्याचा वरचा ३०, तर मधली जागा ५० नव्हे, ३०. हेच मार्जिन कोलॅप्सिंग.

छापील मजकूर मांडणाऱ्यांना ही रीत नवी नव्हती. लेटेक या छपाईच्या मांडणी-प्रणालीत ॲडव्हीस्पेस ही आज्ञा हेच करते: आधी जागा सुटलेली असेल तर कमी पडेल तेवढीच भर घालते. तेव्हाचं वेबही मुख्यतः मजकुराचंच होतं. उद्धृत उतारा, त्याच्या आत परिच्छेद आणि उताऱ्यानंतर आणखी एक परिच्छेद, एवढी साधी मांडणी घ्या. ब्राउझर या प्रत्येकाला आपणहून वर-खाली साधारण १६ पिक्सेल समास देतो. उतारा संपतो तिथे असे तीन समास एकत्र येतात. बेरीज झाली असती तर ४८ पिक्सेलचं भगदाड पडलं असतं. या नियमामुळे १६ च राहतात. इथवर नियम शहाणा आहे.

गोम आहे ती अटीत. मध्ये कडा, पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) किंवा मजकूर नसेल तर समास भिडलेले मानायचे. या अटीत शेजारी बसतात, तसा बाहेरचा चौकोन आणि त्याच्या आतलं पहिलं शीर्षकही बसतं! पानाच्या माथ्यावर निळ्या रंगाचा चौकोन ठेवा, आतल्या शीर्षकाला ४० पिक्सेल वरचा समास द्या. शीर्षक चौकोनाच्या आत खाली सरकत नाही; समास बाहेर पडतो, अख्खा निळा चौकोनच खाली येतो आणि वर पांढरी पट्टी उरते. चौकोनाला एक पिक्सेल पॅडिंग दिलं की पट्टी गायब. नवख्याला हे भुताटकीसारखं वाटलं तर नवल नाही.

ऋण समासांचं गणित आणखी वेगळं (३० आणि उणे १० मिळून २०), आणि रिकाम्या घटकाचे तर स्वतःचेच वरचे-खालचे समास एकमेकांत मिसळतात. सीएसएस कार्यगटाने आपल्याच चुकांची एक अपूर्ण यादी ठेवली आहे. एकाच घटकाचे समास असे आपोआप मिसळू द्यायला नको होते, अशी कबुली तीत आहे. दुरुस्ती मात्र होत नाही. जुनी असंख्य पानं त्याच नियमावर उभी आहेत.

म्हणून वाटा बाजूने काढल्या गेल्या. बरीच वर्षं लोक ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लिहून समास आत अडवत, मग कधी सावली कापली जाई, कधी मेनू. २०१७ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ‘फ्लो-रूट’ आलं, नेमकं याच कामासाठी. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या सीएसएसच्या मांडणी-पद्धतींमध्ये तर थेट आतल्या घटकांचे समास मिसळतच नाहीत. तिथे अंतर ‘गॅप’ने सांगायचं. फ्लेक्सबॉक्समधली ती सोय सफारीत यायला २०२१ उजाडलं.