वाद्यार हिशेब मागतो

मद्रासच्या मांबलम स्टेशनात उतरताना पाकीट पुढच्या खिशात घ्या. ऑक्टोबर १९७२ चालू आहे, नवरात्राचे दिवस आहेत आणि रंगनाथन स्ट्रीटमध्ये तुम्ही शिरत नाही, मागची गर्दी तुम्हाला आत ढकलते. डाव्या बरगडीत कुणाच्या तरी स्टीलच्या कळशीचा काठ रुततोय, उजव्या कानाशी केळीवाली किंचाळतेय. सदरा केव्हाच पाठीला चिकटलाय. मोगऱ्याचे गजरे, खोबरेल तेल, भाजलेली कॉफी आणि तुंबलेलं गटार, सगळे वास एकाच श्वासात नाकात घुसतात. आभाळ भरून आलंय, पण पाऊस पडेल तेव्हा पडेल. तोवर नुसती वाफ.

उस्मान रोडवर पोचलात की पहिलं नवल दिसेल. सायकलरिक्षांवर, लॉऱ्यांच्या काचांवर एकच चेहरा चिकटवलाय: पांढरी केसाळ टोपी, काळा चष्मा, गोरेपान गाल. ज्या गाडीवर तो नाही, ती पोरं अडवतात. तुमच्या रिक्षावाल्याला विचारा कोण म्हणून. तो पायडल मारायचं थांबवून, वळून तुमच्याकडे बघेल, जणू तुम्ही सूर्याचं नाव विचारलंत. ‘वाद्यार!’ म्हणजे मास्तर. म्हणजे तमिळ सिनेमाचा हिरो एम. जी. रामचंद्रन. पावसाळ्यात रिक्षावाल्यांना रेनकोट वाटणारा आणि गेल्याच वर्षी पडद्यावर रिक्षावाला झालेला.

पाँडी बाजारात एखाद्या कॉफी क्लबात टेका. दवरा-टंबलरमधली कॉफी जिभेला चटका देईल, घाई करू नका. शेजारच्या टेबलावर ऐकण्यासारखं चाललंय. काळ्या-लाल काठाचं धोतर नेसलेला सत्ताधारी द्रमुक पक्षाचा माणूस इडलीचा तुकडा हवेत नाचवत सांगतोय, ‘दिल्लीनं फूस दिलीय त्याला. इन्कम टॅक्सला घाबरला.’ परवापर्यंत हाच गृहस्थ वाद्यारच्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला कापूर ओवाळत असणार, अशी माझी पक्की शंका आहे. झालंय एवढंच, की द्रमुकच्या खजिनदारानं जाहीर सभेत पक्षाच्या पुढाऱ्यांकडे हिशेब मागितला. खजिनदार कोण? तर हेच वाद्यार. खजिनदारानंच उभ्या सभेत हिशेब मागावा हे जरा अजबच, पण टेबलावर तसं बोलू नका. पक्षानं त्याला आधी निलंबित केलं, मग काढूनच टाकलं. ‘मंदिरी कुमारी’ या सिनेमात ज्यांचे संवाद म्हणून तो टाळ्या घ्यायचा, ते करुणानिधीच, आता मुख्यमंत्री आणि पक्षाचे अध्यक्ष, समोर उभे. त्यांचा मुलगाही यंदा हिरो म्हणून पडद्यावर आलाय, हातवारे थेट वाद्यारचे. जुन्या दोस्ताची एवढी भीती असावी!

कॉफी देणारा पोऱ्या मात्र कुणाचं ऐकत नाही. त्याला राजकारण कळत नाही, ‘कलै अरसी’ कळतो. १९६३चा सिनेमा: परग्रहावरचे लोक उडत्या यानातून येतात, नायिका भानुमतीला गाणं शिकवण्यासाठी पळवून नेतात, खलनायक नंबियार, आणि तिला सोडवायला अंतराळात जातो कोण? ‘अमेरिकावाले चंद्रावर सहा वर्षांनी गेले, सार,’ तो टेबल पुसता पुसता सांगतो. परग्रहावरून जो सुखरूप परतला, त्याला पक्षातून काढल्यानं काय होणार, हा त्याचा हिशेब साधा आहे. पक्षाचा माणूस पैसे न बोलता टेबलावर ठेवतो आणि निघतो.

संध्याकाळी एखाद्या घरात कोलू बघायला बोलावतील, नाही म्हणू नका. पायऱ्यांवर बाहुल्या, समईचा धूर, हातात ओलं खोबरं घातलेलं गरम सुंडल. घर तंजावरकडच्या मराठी मंडळींचं निघालं तर तुमची बोली ऐकून आजी हसतील, आणि हसता हसता सुंडल दुसऱ्यांदा वाढतील.

मग आर्काट स्ट्रीट. इथं वाद्यारचं ऑफिस. रस्ता माणसांनी असा गच्च भरलाय की खाली वाकून चप्पल शोधणंही अशक्य. विडीचा धूर, ओल्या मातीचा वास, कुणाचा तरी कोपर तुमच्या मानेत. गाडी येते, टोपी दिसते, आणि जो आवाज उठतो तो कानांना नाही, छातीला ऐकू येतो. तो बोलतो तेव्हा शब्द घोगरे, अडखळते येतात; १९६७ साली एम. आर. राधा या सहकलाकारानं झाडलेल्या गोळीनं त्याचा गळा कायमचा बिघडवलाय. शेजारची बाई ओठ हलवून त्याची वाक्यं त्याच्या आधी पुरी करते. दसऱ्याच्या सुमारास त्याचा स्वतःचा पक्ष उभा राहतो.

सुट्टी शिल्लक असेल तर मेपर्यंत राहा. ‘उलगम् सुट्रुम् वालिबन’ येतोय, ओसाकाच्या एक्स्पो ७० मध्ये चित्रीकरण झालेला. त्यात वाद्यार विजेची ताकद साठवणारा शास्त्रज्ञ आहे. हा सिनेमा लागला तर साडी नेसेन, असं मदुरैचे द्रमुकचे महापौर मुत्तू म्हणाल्याचं सांगतात. सिनेमा लागला, धो धो चालला, आणि चाहत्यांनी मुत्तूंना साड्या धाडल्या म्हणे. हेच मुत्तू पुढे वाद्यारच्याच पक्षात गेले. तुम्हालाही एखादी धाडायची असेल तर पनगल पार्कजवळ नल्लीचं दुकान आहे. मात्र सकाळी लवकर जा, अकरानंतर काउंटरपर्यंत हात पोचत नाही.