जुन्या नौकेचा जीर्णोद्धार

आमचें गुरुकुंज मोझरी समुद्रापासून फार दूर. परंतु सागवानाचा टिकाऊपणा मेळघाटच्या शेजाऱ्यांस सांगावयास नको. अशाच सागवानाची, पण मलबारच्या, 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका जमशेटजी बमनजी वाडियांनीं मुंबईच्या गोदींत बांधिली. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरली, आणि चोवीस दिवसांनीं खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडाली, नौका तरली.

१८९७ च्या मे महिन्यांत ती इंग्लंडांत मोडीच्या व्यापाऱ्यास विकली गेली. पुढच्याच महिन्यांत व्हीटली कॉब या हौशी गृहस्थाचें 'फुड्रॉयंट' हें जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें. नेल्सनचें निशाण वाहिलेलें तें जहाज त्यांनीं स्वखर्चानें दुरुस्त केलें होतें. तरी ते खचले नाहींत. ही मुंबईची नौका घेऊन, डागडुजी करून, तिला तेंच नांव देऊन त्यांनीं ती मुलांच्या नाविक शिक्षणास लाविली.

१९९० ते २००१ पर्यंत हार्टलपूल येथें तिचा पुन्हा जीर्णोद्धार झाला. डोलकाठ्या उभ्या राहिल्या, दोरखंड चढले, मूळ नांवही परत आलें. सांगाड्याचें बरेंचसें लांकूड अद्याप जुनेंच आहे.

सागवान पाण्यास दाद देत नाहीं, पण मोडीच्या बाजारापासून त्याला धन्यानेंच वाचवावें लागतें. वाडवडिलांच्या वाड्याच्या तुळया विकावयास काढतांना आपण एवढें आठवूं या.