पान्यावरचा ठसा काय सांगतो?

जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना गाडीबरोबर कारखान्यातून मिळालेली हत्यारेही हवी असतात. ती असली की गाडीचे मोल वाढते. म्हणूनच एखादा जुना पाना ‘मूळचा’ म्हणून खपविण्याचा मोहही होतो. मग खरे-खोटे कसे ओळखायचे? पहिला साक्षीदार म्हणजे पान्यावरचा ठसा.

मोटारींचे कारखाने बहुधा पाने स्वतः घडवीत नसत; ते हत्यारे बनविणाऱ्यांकडून घेत. त्यामुळे पान्यावर अनेकदा गाडीचे नव्हे, तर घडविणाऱ्याचे नाव दिसते. जर्मनीतील रेमशाइड हे या धंद्याचे जुने गाव. तेथे हेर्मान झेर्व्हर यांनी १८६८ मध्ये कारखाना काढला. त्यांच्या आद्याक्षरांचा जर्मन उच्चार ‘हा’ आणि ‘त्सेट’, म्हणून मार्का ‘हात्सेट’! फोक्सवॅगन बीटलच्या स्टेपनीच्या पोकळीत बसणारी हत्यारांची गोल पेटी याच कारखान्याची.

निर्मात्याइतकेच देशाचे नावही बोलके असते. जर्मन सुऱ्या-कात्र्या शेफील्डच्या नावाने विकल्या जातात, अशी तेथील कारागिरांची तक्रार होती. १८८७ च्या ब्रिटिश कायद्याने अशा फसव्या खुणांना मनाई केली आणि ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का रूढ झाला. कमी प्रतीचा माल ओळखता यावा म्हणून आलेला हा शिक्का पुढे उत्तम मालाची खूण बनला.

आता समजा, १९४८ च्या बीटलचा मूळ पाना म्हणून कोणी एक पाना दाखविला आणि त्यावर ‘वेस्ट जर्मनी’ असे कोरलेले आहे. पश्चिम जर्मनी हे राष्ट्र १९४९ मध्ये अस्तित्वात आले. तेव्हा हा दावा टिकत नाही. पाना अस्सल हात्सेटचा असला, तरी त्या गाडीबरोबर आलेला नाही.

उलट, नुसते ‘जर्मनी’ असेल तर दावा सिद्ध होतो का? नाही. १९९० च्या एकीकरणानंतर देशाचे नाव पुन्हा तेच झाले आहे. म्हणजे एक ठसा दावा खोडू शकतो, पण एकटा तो सिद्ध करू शकत नाही. त्यासाठी गाडीच्या माहितीपुस्तिकेतील हत्यारांची यादी, पान्याचे माप आणि अक्षरांची घडण यांचीही साक्ष काढावी लागते.

हा प्रयोग वर्गातही करता येईल. मुलांना घरातील जुना पाना, कुलूप किंवा अडकित्ता आणायला सांगा. प्रत्येक खुणेपुढे दोन गोष्टी लिहून घ्या : या खुणेवरून काय अशक्य ठरते आणि काय अजून सिद्ध होत नाही. दुसरा रकाना बहुधा अधिक लांब होईल.